न पिणाऱ्याचं लिव्हर

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ड्युटी संपवून घरी आले की आई त्यांना दारातच थांबवायची आणि तोंड हुंगायची. बाबा लहान लेकरासारखं तोंड उघडून उभे राहायचे. वास कधीच आला नाही. तरी तिचा संशय जायचा नाही, कारण बाबांच्या लिव्हरला सूज निघाली होती आणि डोंगरकडा गावच्या काकांनी, बाबांच्या धाकट्या भावानं, तिला सांगितलं होतं, "वहिनी, लिव्हर उगीच सुजत न्हाई. कुठंतरी घेऊन राहिला असंल दादा."

पुढे बाबांचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे झाले आणि ते गेले. शेवटपर्यंत म्हणत होते, "म्या थेंबाला शिवलो न्हाई." आईनं त्यांची सगळी सेवा केली, पण या बोलण्याला तिनं कधी "व्हय" म्हटलं नाही.

मागच्या वर्षी पोट दुखतं म्हणून हिंगोलीत माझी सोनोग्राफी केली. खडे असतील असं वाटलं होतं. निघाली लिव्हरवर चरबी. मी हबकलेच. दारूची बाटली कधी हातातसुद्धा धरलेली नाही. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला लिव्हरचा त्रास होता?"

"वडिलांना. त्यातच गेले."

"शुगर होती?"

"होती."

"दारू घ्यायचे?"

मी आईकडे पाहिलं. शेजारी बसलेली आई खाली बघत म्हणाली, "लोक म्हनायचे."

मग डॉक्टरीणबाई समजावू लागल्या. शरीरातली सगळी जनुकं एकाच वेळी काम करत नाहीत. कोणतं कधी चालू, कधी बंद, याचं नियंत्रण असतं. जेवलं की लिव्हरमधली चरबी बनवणारी जनुकं जोर धरतात, पोट रिकामं झालं की मंदावतात आणि चरबी जाळणारी कामाला लागतात. काही घराण्यांत हे नियंत्रणच ढिलं असतं. त्यात बैठं काम, अवेळी जेवण, वरचेवर गोड चहा. मग चरबी बनणं थांबतच नाही.

अवेळी जेवण म्हटल्यावर आईनं मान वर केली; ड्युटीवर बाबांचं जेवण कधी वेळेवर व्हायचं नाही. "म्हंजी न पिता बी लिव्हर जातं?"

"जातं, आई."

"मग ह्यांचं?"

"ते आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. तेव्हा तशी तपासणी झाली नाही. पण ते खरं बोलत असतील, हे अगदी शक्य आहे."

चार-दोन दिवसांनी आई एकदम म्हणाली, "डोंगरकड्याला जायचंय." मला वाटलं, आता भांडण होणार. जीपमध्ये मी तिला समजावायला गेले, तर ती खिडकीबाहेरची हळद बघत बसली.

काका अंगणात बाजेवर बसले होते. काकूनं आणलेलं पाणी आईनं बाजूला ठेवलं.

"भाऊजी, तुमचा भाऊ पीत नव्हता."

"वहिनी, आता काहून उकरून काढून राहिल्या?"

"उकराया न्हाई आले. पोरीला बी तेच निघालंय. हे रक्तात असतंय म्हने. तुमाला बी शुगर हाय. उद्या हिंगोलीला चला, तपासून घ्या."

काकू उठून काकांची पिशवी भरायला लागली.

काकांच्या लिव्हरवर माझ्यापेक्षा जास्त चरबी निघाली, आणि ते कडक व्हायलाही लागलं होतं. काका तर साधी सुपारी न खाणारे. दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट मांडीवर घेऊन ते म्हणाले, "वहिनी, आता मला बी लोक तसंच म्हनतील."

"म्हनू द्या. आमी हाव सांगायला," आई म्हणाली.

जनुकं बदलता येत नाहीत, पण त्यांचं चालू-बंद होणं योग्य खाण्यापिण्यानं, चालण्यानं पुष्कळ सुधारतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी रोज चालायला लागले, माझी चरबी उतरली. काकांची पथ्यं काकू सांभाळते. आईनं बाबांचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त कुणी लिव्हरच्या पेशंटबद्दल कुजबुजू लागलं, की ती हातातलं काम ठेवते आणि विचारते, "तुमी पाहिलं का त्याला पिताना?"