डाव्या बैलाचं जू

बाभळीचं लाकूड मला सासऱ्यांनी शिकवलं. लई खडूस माणूस, पण लाकडाचं बोलायला लागला की ऐकत बसावं. बाभूळ तोडायची ती पुनवेनंतरच्या अंधाऱ्या पाखात, नाहीतर किडा लागतो. तोडली की साल सोलायची, ओंडका तळ्याच्या चिखलात तीन-चार महिने दाबून ठेवायचा आणि मग सावलीत वाळवायचा. एवढं केलं तर चाकाला लावा, कुळवाला लावा, नातवंडांपर्यंत पुरतं. घाई केली तर तेच लाकूड पीळ खातं आणि आपल्याला बोंबलायला लावतं.

सासरे गेले आणि पुढच्याच वर्षी आम्ही घाई केली. ऊसतोडीला निघायची वेळ झाली, जुनं जू चिरलेलं, म्हणून नवऱ्यानं ओल्याच बाभळीचं करून घेतलं. कारखान्यावर ऐन थंडीत त्या जुवानं पीळ खाल्ला. एक बाजू खाली आली आणि उसाच्या गाडीचा सगळा भार डाव्या बैलाच्या मानेवर. खांदा सुजून टम्म झाला. मी फडातून आले की आपली भाकर नंतर, आधी त्याचा खांदा शेकायचे. तो मुका जीव नुसता माझ्याकडं बघायचा आणि मला रडूच फुटायचं.

पाडव्याला गावी आल्यावर नवरा म्हणाला, "पुढल्या हंगामात पुन्हा खांदा सुजला तर त्याला बाजार दाखवायचा. दुसरा इलाज न्हाई."

बाजार दाखवतोय मोठा! मी पदर खोचला. चैत्राच्या अंधाऱ्या पाखात बांधावरची बाभूळ तोडायला लावली, स्वतः उभी राहून सोलून घेतली, ओंडक्याच्या बुडाशी कुऱ्हाडीचे तीन घाव घातले आणि तळ्यात बुडवला. आमच्या चकलांब्याकडं निम्म्या गावाचे ओंडके असे एकाच तळ्यात पडलेले असतात. ज्याची त्याची खूण ठरलेली. आमचे तीन घाव, माझ्या थोरल्या जावेचे चार.

जाऊ आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगायचीही लाज वाटते. वाटणीत घरच्या गाईचा गोऱ्हा, म्हणजे हाच डावा बैल, आम्हाला आला आणि अंगणातली बाभूळ तिला. बाभूळ तिची, पण काटे पडायचे माझ्या दारात. मी म्हणायचे तोडा, ती म्हणायची, "सावली खाताना ग्वाड लागती व्हय?" शेवटी यंदा तिनं ती तोडली, तेही मला चकार शब्द न बोलता. कुळवाचं दिंड, म्हणजे खालचं आडवं लाकूड, करायचं म्हणून ओंडका तळ्यात टाकला, हे गावानं मला सांगितलं.

आषाढात नवरा कमरेएवढ्या पाण्यात उतरला. पायानं चाचपून ओंडका धरला, चिखलात हात घालून घाव मोजले, "एक, दोन, तीन!" आणि गड जिंकल्यासारखा ओरडला. ओंडक्याला असा कुजका वास मारत होता की म्हैससुद्धा लांबून गेली. महिनाभर तो आमच्या पडवीत वाळला. पोळ्याला तीन दिवस राहिले तेव्हा सुतारमामा जू घडवायला बसले. अर्धं झालं आणि त्यांचा लाकूड तासायचा वाकस टणकन वाजला.

लाकडानं गिळलेला खिळा होता. मामांनी धार उडालेली बघून अशी शिवी हासडली की मी कानावर हात ठेवला. पण खिळ्याला हिरव्या तारेचा तुकडा होता. अंगणातल्या बाभळीला बांधलेल्या त्या तारेवर मी आणि जावेनं किती वर्षं धुणं वाळत घातलं होतं! काढून टाकलेलं बूड मी नखानं खरवडलं. वाळक्या चिखलाखाली चौथा घाव निघाला.

नवरा पळत तळ्यावर जाऊन आला. आमचा ओंडका कडेला अर्धा पाण्याबाहेर पडलेला, किड्यानं त्याची पार चाळण केलेली.

"खिळा दे फेकून," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"आवं, मला कळलं ना!"

खिळा मुठीत धरून मी जावेच्या दारात गेले. ती तांदूळ निवडत होती.

"आक्का," मी मूठ उघडत म्हणाले, "चुकून तुमचा ओंडका आणला आमी. त्याचं जू निम्मं झालं."

तिनं खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गपचूप करून घ्यायचं हुतं. मला सांगाय कावून आलीस?"

"ओंडका तुमचा हाय. न्यायचा तर न्या. पण डाव्याचा खांदा..."

तिनं सूप खाली ठेवलं. "तो जन्मला तवा त्याला पुसून उभा कुणी केला गं? मी का तू? त्याच्या खांद्यासाठी मला ओंडका मागतीस? जा, मामाला म्हणावं, नीट घासून गुळगुळीत कर."

मी येताना रडत होते आणि हसतही होते. शेजारणीला वाटलं, हिला लागलं वेड.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. मी हळद-तूप कालवतच होते, तेवढ्यात जाऊ स्वतःची वाटी घेऊन सरळ आमच्या गोठ्यात शिरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डाव्या बैलाच्या मानेवर तळहातानं तूप चोळत राहिली, जुन्या व्रणावर जरा जास्तच. मग रीतीप्रमाणं त्याच्या कानाशी म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या."

वाटी उचलून निघाली. दारात थांबली, पण मान काही वळवली नाही.

"तूबी ये. खिळा आणायची गरज न्हाई."