गोग्रास खाणारा गुंड्या

आमच्या घरातला सर्वांत कट्टर शाकाहारी म्हणजे आमचा मासा.

ऐंशीच्या आसपास आम्ही पंचवटीतलं भाड्याचं घर सोडून कॉलेज रोडला दुसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेतला. ब्लॉक म्हटला की शोकेस हवी, शोकेसवर काचेची पेटी हवी आणि पेटीत मासा हवा, असं माझं ठाम मत होतं. (माझी बाकीची ठाम मतंही याच दर्जाची असत.) दुकानदाराने बोटाएवढा रुपेरी मासा दिला. "गुरामी जातीचा आहे साहेब. पेटी लहान असली की मासाही लहानच राहतो!" मी लगेच विश्वास ठेवला.

आईची अडचण वेगळीच होती. पंचवटीत तिची पहिली पोळी दारातल्या गाईला जायची. गोग्रास दिल्याशिवाय ती ताटावर बसत नसे. आता गाय काही जिने चढून येईना, आणि आईचे गुडघे तिला जिने उतरू देईनात. शेवटी एका दुपारी तिने पोळीचा तुकडा पेटीत टाकला. माशाने तो गट्टम केला आणि वर येऊन तिच्याकडे बघत राहिला.

"हाही मुका जीवच ना रे," आई म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून अख्खा गोग्रास पेटीत. सणाला पुरणपोळी, उपासाला भगर, चतुर्थीला मोदकाची नुसती पारी. (सारण नको, बाधेल!) आईने त्याचं नाव गुंड्या ठेवलं आणि गुंड्या नावाला जागला. वर्षभरात तो वीतभर झाला, म्हणून मी मोठी पेटी आणली. तो त्या पेटीतही मावेना.

"दुकानदार काय म्हणाला होता?" माझ्या बायकोने, सुधाने विचारलं.

"पेटी लहान, तर मासा लहान."

"मग तुम्ही मोठी आणलीत कशाला?"

यावर मी पेपर वाचू लागलो.

पुढे पुढे गुंड्याला पेटीत वळताही येईना. आला तसा मागे मागे जायचा. खवले काचेला घासून निघू लागले. आणि एक दिवस त्याने पोळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिकडे आईने ताट सरकवलं.

"त्याने घास घेतल्याशिवाय मी कशी जेवू?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मासा उपाशी, म्हणून आई उपाशी. आई उपाशी, म्हणून सुधा उपाशी. आणि मी स्वयंपाकघरात चोरून चिवडा खाताना पकडला गेलो! पण आईचा उतरलेला चेहरा पाहून मी खरोखर घाबरलो होतो.

फुलं घेऊन येणारी मखमलाबादची मालनबाई पेटीसमोर थबकली. "आवं, याला वळाया बी जागा नाय! आमच्या हिरीत सोडा की. लय पानी हाय."

"पण तुमच्याकडे कुणी याला..." आई चाचरली.

"आमच्यात तसल्याला कुनी शिवत नाय. माळ हाय ना गळ्यात!"

मी ऑफिसचा सफारी घालूनच निघालो. स्कूटरच्या पायाशी तांब्याचं घंगाळ, घंगाळात गुंड्या, वर ओलं धोतर. मागे सुधाच्या आधाराने कसाबसा जिना उतरलेली आई, तिच्या मांडीवर डब्यात पोळी. रविवार कारंजावर खड्डा आला आणि गुंड्याने धोतरासकट उडी मारली! मी कचकन ब्रेक दाबला आणि आई उतरताच स्कूटर सोडून त्याला मिठी मारली. तो एकदा डाव्या खांद्यावर, एकदा उजव्या. भोवती ही गर्दी.

"ओ साहेब, कसा दिला?"

"विकायचा नाही!" आई कडाडली. "घरचा आहे तो!"

"घरचा? नाव काय मग?"

"गुंड्या!"

गर्दीत आमचे हेडक्लार्क होते. मी तोंड फिरवलं, तर गुंड्याने शेपटीने ते पुन्हा त्यांच्याकडे वळवलं. शेवटी एका भेळवाल्याने घंगाळात पाणी ओतलं आणि आम्ही निघालो.

मखमलाबादला विहिरीत गुंड्या जो गेला तो गेलाच. आईने डब्यातली पोळी टाकली. पोळी तरंगत राहिली. मालनबाईसुद्धा वाकून पाहू लागली. मग हिरव्या पाण्यातून ती रुंद पाठ सावकाश वर आली, सुखाने गोल वळली, आणि पोळी नाहीशी झाली.

"खाल्ली!" आई ओरडली. तिथेच विहिरीच्या काठाला टेकून तिने मालनबाईच्या हातची भाकरी आणि ठेचा मागून घेतला. इतक्या चवीने जेवताना मी तिला क्वचितच पाहिलं असेल. आज ती नाही, पण तिचा तो घास अजून आठवतो.

आईचं जेवण झालं. एवढं छातीशी धरून आणलं, तर निरोपाला मलाही एकदा दिसावा, म्हणून मी वाकून प्रेमाने हाक मारली, "गुंड्याऽऽ!"

एक बेडूक वर आला, त्याने मला सफारीसकट नीट पाहून घेतलं, आणि परत बुडी मारली.