डोळा बसवलाय, खोकू नको

आमच्या ह्यांची सौंसरजवळ संत्र्याच्या रोपांची नर्सरी आहे. जगातली कुठलीही गोष्ट ते आधी संत्र्याच्या झाडाशेजारी उभी करून पाहतात. मीही सुटले नाही.

माझी दोन्ही फुफ्फुसं बदलली, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. नवं फुफ्फुस श्वासनळीला जोडतात तिथं रक्त नीट पोहोचत नाही, जोड सुटायची भीती असते. म्हणून नव्या फुफ्फुसाच्या नळीचं टोक आखूड ठेवलं आणि जोडाभोवती माझ्याच छातीतल्या स्नायूची पट्टी गुंडाळली. आता सगळं तो जोड भरून येण्यावर होतं.

ह्यांचा चेहरा मात्र खुलला. "हे तं आमचंच काम होय. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवतो, वरून पट्टी बांधतो. डोळा हिरवा राह्यला का कलम लागलं. हललं का गेलं. तू खोकू नको."

मी मास्तरीण. जन्मभर ह्यांचं काही ऐकलं नाही, नेमकं हेच ऐकलं. सोपंही होतं, कारण नव्या फुफ्फुसांच्या नसा कापलेल्या, त्यामुळे खोकल्याची उबळच येईना. मी गपगुमान पडून राहिले आणि हे नर्सबाईंनाही "हलवू नका तिले" म्हणून दटावत राहिले.

मग श्वासाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि तडकल्या. "केवढा कफ साचलाय! उबळ येत नाही म्हणूनच मुद्दाम खोकायचं. त्यात जंतू वाढले तर जोड सडेल. खोकू नका असं सांगितलं कुणी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या दिवसापासून हे मास्क लावून माझ्यासमोर बसत आणि स्वतःच खोकत. "खोक ना. मी बी खोकूनच राह्यलो." हसू आलं की टाके दुखत, म्हणून मी रागावून खोकायची.

घशातून दुर्बीण घालून जोड पाहिला, त्या दिवशी हे दाराशीच उभे होते. डॉक्टर बाहेर येताच विचारलं, "हिरवा हाये का?"

"हिरवा कशाला? छान गुलाबी आहे."

हे पडल्या चेहऱ्यानं माझ्या खाटेजवळ आले. "गुलाबी हाये म्हनते. म्हंजे लागलं ना?"

घसा बधिर होता, बोलता येईना. मी ह्यांचा हात धरला आणि पोटातून जोर लावून खोकून दाखवलं.