खिळे ठोकलेलं दार

माझा बाप हुशार होता, असं गाव म्हणायचं. म्हणो बापडं. त्याच्या हुशारीचा धूर सात वर्षं माझ्या आईनं गिळला, गावानं नाही.

मोरा बंदराच्या धक्क्यावर तो होड्या दुरुस्त करायचा. काकाचाही तोच धंदा. आजोबांच्या अवजारांवरून दोघांचं फाटलं आणि एका घराची दोन घरं झाली. मागचं परस तेवढं सामाईक राहिलं. आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार त्या परसात उघडायचं. काकूची नजर आत नको, म्हणून बापानं दारावर आडव्या फळ्या मारून बोटाएवढे खिळे ठोकले. खिडकी नव्हतीच. चुलीत खाडीतल्या तिवराची ओलसर लाकडं. आता धुरानं जायचं कुठून, तुम्हीच सांगा.

आईला खोकला लागला. आधी भाकरी थापताना यायचा, मग बसल्या जागीसुद्धा. उरणच्या डॉक्टरनं बाटली भरून औषध दिलं आणि बापाला स्पष्ट बजावलं, हिला अशीच धुरात बसवलीत तर छाती कायमची जाईल. दार उघडलं असतं तर त्याच दिवशी काम झालं असतं. पण दार उघडायचं म्हणजे भावापुढे वाकायचं. बायको खोकून मेली तरी चालेल, मान वाकता कामा नये.

तशात गावात लाईट आली. बापानं मुंबईहून लाँचमधून एक पंखा आणला, कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यातून भंगारात निघालेला, धूर बाहेर फेकणारा. ठोकलेल्या दाराच्या वरच भिंत फोडून तो बसवला. धूर थेट काकाच्या अंगावर जाणार, याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. अख्खं गाव बघायला आलं.

धूर मात्र जाईना. मग बापानं आपली कारागिरी काढली. होडीच्या फळ्या बुजवतात तशी त्यानं पत्र्याची, भिंतीची एकेक फट कापूस आणि राळ ठोकून बुजवली. मधल्या दारालाही चौकटभर गोणपाट लावलं. धूर फटींतून पळतो, सगळं बंद केलं की झक मारत पंख्यातून जाईल, असं त्याचं म्हणणं. अहो, आत वारा यायलाच जागा नाही तर पंखा बाहेर फेकणार काय, कपाळ? जन्मभर पाणी आत येऊ न देणं एवढंच शिकलेला माणूस, त्यानं चुलीचीही होडी केली.

पंखा नुसता बोंबलायचा. बापानं त्याला तेल पाजलं, चौकटीखाली रबरी ट्यूबचे तुकडे घातले. ढिम्म फरक नाही. काका परसातून ओरडायचा, ती भोंगाडी बंद कर. तो ओरडला की बाप चूल विझलेली असतानाही पंखा चालू ठेवायचा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरला नसता. त्या आवाजात आईचा खोकला बाहेरच्या खोलीत ऐकू येत नव्हता. बापाला वाटलं, औषध लागू पडलं.

एका सकाळी तो धक्क्यावर गेल्यावर आईनं पहार घेतली. मी फळ्या धरल्या, तिनं खिळे उपटले. दार उघडलं आणि खाडीवरचा वारा आत शिरला. बघता बघता धूर पंख्यातून निघून गेला, पंख्याचा आवाजही निम्म्यावर आला. काकू परसात जवळा निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं, सूप जरा बाजूला ओढलं आणि पुन्हा निवडायला लागली. झालं. एवढ्यासाठी सात वर्षं.

संध्याकाळी बाप आला. उघडं दार बघून त्यानं सरळ हातोडी घेतली. आईनं अडवलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "दार ठोकाचा हाय तं ठोका. पन उद्यापासना चूल तुमी पेटवा."

त्यानं दार ठोकलं. सकाळी ऐटीत चूल पेटवायलाही बसला. पंखा बोंबलत होता. चहाचं पाणी उकळायच्या आत तो डोळे चोळत, खोकत बाहेर आला आणि ओट्यावर मटकन बसला. मी हसले. तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. पाणी प्यायला, उठला आणि त्यानं स्वतःच्या हातानं सगळे खिळे काढले.

गाव म्हणालं, बायकोसाठी भावापुढे नमला, मोठ्या मनाचा माणूस. साफ खोटं. तो बायकोसाठी नमला नाही. त्याचा खोकला दुपारच्या जेवणापर्यंत थांबला. आईचा तिच्याबरोबर सरणावर गेला.