सुनंदाबाईंची उलटतपासणी

बिघडलेली वस्तू घेऊन कुणी दुकानात आलं, की सुनंदाबाई साळवे आधी त्या वस्तूकडे पाठ करायच्या. रेडिओ असो, मिक्सर असो, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ असो. ते घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचं, गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवायचं आणि म्हणायचं, "हां, आता सकाळपासून सांगा."

"अहो, सकाळपासून काय सांगा? बंद पडलाय, उघडून बघा की!"

"बघते ना. पर आधी तुमचं ऐकते. मशीन खोटं बोलत न्हाई, मालक बोलतो."

शेवगावात एका शिंप्याच्या दुकानाची अर्धी बाजू भाड्याने घेऊन त्यांनी हा कारभार मांडला होता. नगरला आयटीआय केलेलं, मग सुप्याच्या एका कारखान्यात चार वर्षं काढलेली. घरी आई एकटी पडली म्हणून नोकरी सोडून परत आल्या. पुढे लग्न होऊन त्या नाशिककडे गेल्या, पण ती पाच-सात वर्षं शेवगावातल्या निम्म्या तरी घरांचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेले असतील. सुरुवातीला लोक बाई बघून परत फिरायचे. दुसरा कारागीर आठ-आठ दिवस वस्तू अडकवून ठेवतो हे कळल्यावर गुमान यायचे.

एकदा स्टँडजवळचा हॉटेलवाला टेपरेकॉर्डर घेऊन आला. शपथेवर सांगत होता, मी काही केलं नाही, आपोआप बंद पडला. बाईंनी त्याला पहाटेच्या दुधापासून बोलतं केलं. कुठे झोपतो, टेप कुठे ठेवतो, गाणी कधी लावतो. शेवटी कढईच्या वरच्या फळीपाशी गाडी आली. बाईंनी टेप उघडला आणि त्याच्या नाकापुढे धरला. "घ्या वास. तुमच्या गानेवालीनं रोज कांदाभजी खाल्ल्यात." तो बिचारा आधी ओशाळला, मग स्वतःच खो खो हसायला लागला.

मला मात्र हा प्रकार मुळीच सोसत नसे. मी हाडाचा मास्तर. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं दुसऱ्यांनी द्यायची, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. इस्त्री दुरुस्तीला दिली तेव्हा त्यांनी मला इतकं खोदून विचारलं, की मी तणतणत उठून गेलो होतो. संध्याकाळी इस्त्री घरपोच आली. सोबत निरोप होता : सरांना म्हणावं, वायर धरून ओढू नका, मुठीला धरून काढा.

आणि त्याच सरांवर अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर त्यांच्या दुकानात धावत जायची पाळी आली.

त्या वेळी मी गावच्या वाचनालयाचा चिटणीस होतो आणि रक्तदात्यांची यादी सांभाळायचो. नाव, रक्तगट, फोन. बहुतेकांकडे फोन नसायचा, मग शेजारच्या दुकानाचा नंबर. आधी हे सगळं एका जाड वहीत होतं. मग मस्कतहून मेहुण्याने मला डिजिटल डायरी आणली. तळहाताएवढी, छोट्या बटणांची. महिनाभर बसून मी अख्खी यादी तिच्यात भरली आणि मोठ्या ऐटीत वही रद्दीत घातली. अकलेचे तारे तोडायला वय लागत नाही! दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी एसटीत त्याच डायरीवर बसलो. पडदा काळाठिक्कर. बटणं दाबली की टुक टुक वाजायचं, दिसायचं काहीच नाही. करू कधीतरी दुरुस्त, म्हणून ठेवून दिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात फोन आला. आमच्या शाळेचे शिपाई रंगनाथ नगरच्या दवाखान्यातून बोलत होते. लेकीचं पहिलं बाळंतपण, अडलेलं. उद्या सकाळी ऑपरेशन, आणि रक्त हवं ओ निगेटिव्ह. तिथे ते शिल्लक नव्हतं. "सर, कायबी करा," एवढंच म्हणाले.

त्या गटाचा एकच माणूस माझ्या यादीत होता. त्याच्या मिशा माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. नाव आठवेना, गाव आठवेना.

डायरीच्या खोक्यात एक केबल आणि एक फ्लॉपी होती. डायरीतलं सगळं संगणकात उतरवता येतं, असं मेहुणा म्हणाला होता. वाचनालयात वर्गणीतून घेतलेला संगणक होता. केबल लावली. संगणक मख्ख. कुठलंच यंत्र जोडलेलं दिसत नाही, असं इंग्रजीत सांगून मोकळा. तीनदा काढलं, तीनदा लावलं. चौथ्यांदा मी स्कूटरला किक मारली आणि सुनंदाबाईंना मागे बसवून घेऊन आलो.

त्यांनी संगणकाकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सकाळपासून सांगा, सर."

"बाई, तिकडे पोरगी अडली आहे आणि तुम्ही—"

"म्हनून तर इचारते. उगं खोलत बसले तर रात हुईल. शेवटी हा डबा कधी चालवला हुता?"

"चार दिवसांपूर्वी."

"मग हात कुनी लावला?"

"कुणी नाही."

"सर."

"अहो, खरंच नाही! खंडेनवमीला पूजा केली तेवढीच."

"कशी केली?"

आता पूजा कशी करतात हेही मी सांगायचं! "हळद, कुंकू, फूल, अक्षता. सगळे करतात तशी."

"कुठं वाहिल्या?"

समोरून वाहिल्या नव्हत्या. समोर पडदा होता, बटणं होती, ती खराब झाली असती. म्हणून मी विचारपूर्वक संगणक फिरवला होता आणि मागच्या बाजूची, जिथे सगळ्या तारा जोडतात तिथली, यथासांग पूजा केली होती.

सुनंदाबाई खुर्चीवरून उठल्या. बॅटरी तोंडात धरून टेबलामागे वाकल्या आणि केसातली पिन काढली. जिथे केबल खोचायची त्या खाचेत, दोन पिनांच्या मधोमध, कुंकवाने माखलेला तांदूळ वाळून घट्ट बसला होता. केबल बाहेरून बसल्यासारखी दिसे, आत पोचतच नव्हती. त्यांनी तो हलकेच उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. "घ्या परसाद."

दोन मिनिटांत नावं पडद्यावर उतरायला लागली. मिशावाले पाथर्डी रस्त्यावरच्या एका गावातले गिरणीवाले निघाले. गिरणीसमोरच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने रस्त्यापलीकडे हाळी दिली. गिरणीवाल्यांनी पिठाच्या हातानेच फोन घेतला असावा. "कुटं यायाचं तेवढं बोला," म्हणाले. दिवे लागायच्या आत ते नगरला पोचले. दुसऱ्या दिवशी रंगनाथांना नात झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. पेढे मी वाटले, जणू पराक्रम माझाच.

पण त्या दुपारी यादी छापून निघत असताना सुनंदाबाई एकेक पान हातात घेऊन वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "सर, ही गावाची यादी का?"

"मग? अख्ख्या गावाची."

"आमच्या गल्लीतलं एकबी नाव न्हाई."

मी फणकारून पानं ओढून घेतली. शिक्षक होते, व्यापारी होते, बँकेतले होते. बुद्धविहारामागच्या गल्लीतलं खरोखरच कुणी नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. मी तिकडे कधी गेलोच नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांतपणे पानं जुळवत म्हणाल्या, "रैवारी या. समदी घरीच असत्यात."

रविवारी नवी वही घेऊन गेलो. तालमीतली पोरं, गवंडी, एक तलाठी, दोन नर्सबाई, सगळे जमले होते. सुनंदाबाईंची आई, गयाबाई, पदर सावरत सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मी पेन उघडलं तशा पुढे आल्या आणि हळूच विचारलं,

"आमचं रगात चालंल का वो, सर, तुमास्नी?"

मी पेन वहीवर ठेवलं.

"मावशी," मी म्हणालो, "हे विचारायला मी पंचवीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

"आता आलात न्हवं?" त्या म्हणाल्या. "मंग ल्ह्या की."

वहीच्या पहिल्या ओळीवर मी घरून निघतानाच स्वतःचं नाव घालून आणलं होतं. ते खोडलं आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलं : गयाबाई साळवे.