पाठ लागली की हरला

अंथुर्ण्याच्या फाट्यावर जीप उभी होती. टपावर माझ्या दोन बॅगा बांधून झाल्या होत्या, आई माझ्या पदराच्या टोकाला अंगाऱ्याची पुडी बांधत होती, आणि माझे वडील माझ्या नवऱ्याशी वाद घालत होते. लग्नाला जेमतेम अडीच महिने झालेले. आमच्या घरातलं कुणी तोवर पुण्याच्या पलीकडं गेलं नव्हतं आणि मी अमेरिकेला निघाले होते. तरी आबांचा शेवटचा विषय काय, तर जगात सगळ्यात भारी लढणारा गडी कोण!

"बॉक्सरच्या एका ठोशात तुमचा पैलवान आडवा होईल, मामा," सुधीर म्हणाला. तो बारामतीचा, इंजिनिअर, अंगानं काटकुळा.

"ठोसा माराया त्यो हुबा तर ऱ्हायला पायजे, जावईबापू! पैलवान आधी पायात घुसंल."

ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला. मी पाया पडले तेव्हा आबांनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंड सुधीरकडंच. जीप हलली तसे ते खिडकी धरून चार पावलं चालले. मला वाटलं, आता मला काहीतरी म्हणतील. "तितं कोण जिकतं ते लिवून कळवा!" म्हणाले आणि मागं राहिले.

आबांचं लहानपण आज्याच्या मेंढरांमागं रानोमाळ फिरण्यात गेलेलं. तिथंच पाय कमावले आणि पुढं जत्रेच्या फडात पंधरा वर्षं कुस्त्या मारल्या. मेंढरं गेली, ऊस आला, पण डोक्यातली लाल माती काही गेली नाही. हे मला माहीत होतं. त्यांना बरोबरीचा वेडा जावई मिळेल, हे मात्र माहीत नव्हतं.

न्यू जर्सीत मी हळूहळू 'अहो'वरून 'सुधीर'वर आले. स्नोत गाडी चालवायला शिकले, डोनटच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले, गिऱ्हाइकांचं बोलणं कळेना म्हणून मागच्या खोलीत जाऊन रडले. तुम्ही गावाकडचे विचारता, तिकडं करमतं का? माझ्यासारख्या निघून आलेल्यांना ठाऊक आहे, या प्रश्नाला फोनवर देण्यासारखं उत्तर नसतं. पण आबांनी विचारावं तरी! आमच्या रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या सांजच्याला, आबा निमगाव केतकीच्या एसटीडी बूथवर येऊन बसायचे, कारण गावातला फोन सदाचा बंद. मी "बरी आहे" म्हणेस्तोवर त्यांचं ठरलेलं यायचं, "जावईबापू हायत का जवळ?"

त्याच सुमारास तिकडं एक नवाच प्रकार निघाला होता. लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बॉक्सर, कराटेवाला, ज्युदोवाला, पैलवान, कुणालाही कुणाशीही सोडायचं. सुधीरनं त्याची कॅसेट पाठवली. ती आपल्याकडच्या व्हीसीआरवर लागेना. मग ओळखीतून इकडं चालेल अशी दुसरी करून घेतली, तीही पाठवली. आबांनी इंदापूरला एका व्हिडिओवाल्याकडं बसून ती तीनदा पाहिली आणि पत्र धाडलं. पत्रात माझं नाव एकदाच, पत्त्यात. बाकी सगळं असं: 'त्यो पांढऱ्या झग्यातला बारका गडी उताणा पडला. पाठ लागली. तितंच त्यो हारला. फुडची झोंबाझोंबी फुकाट.'

सुधीरच्या मते मात्र तोच बारका गडी जगात सर्वश्रेष्ठ, कारण तो खाली पडूनच भल्याभल्यांना हरवत होता. त्यानं दोन वर्षं पत्रांतून समजावलं. आबा ऐकेनात, तेव्हा हा बहाद्दर स्वतःच त्या विद्येच्या क्लासला जाऊ लागला.

मुलगी झाली तेव्हा रविवारीच हॉस्पिटलातून घरी आले आणि आल्या आल्या मी बूथवर फोन लावला. "आबा, मुलगी झाली."

"ब्येस झालं. तू बरी हायस न्हवं?" आणि श्वासभर थांबून, "जावईबापू हायत का जवळ?"

मी फोन आपटला.

अमेरिकेला जाऊन चार वर्षं झाल्यावर आम्ही पहिल्यांदा गावी आलो. चहाचे कप खाली ठेवायच्या आत दोघं तालमीत! मी पोरीला कडेवर घेऊन मागं पळाले. सुधीर मातीत उताणा पडलेला आणि साठीचे आबा त्याच्या छातीवर.

"झालं. पाठ लागली," आबा म्हणाले.

सुधीरनं खालूनच त्यांचा उजवा हात दोन्ही मांड्यांत धरला. "मामा, आता हार मानल्याची थाप मारा. म्हणजे सोडतो."

"कशापायी? मी वर हाय!" असं म्हणून आबांनी सगळ्या ताकदीनं हात उपसला. कोपर निखळल्याचा आवाज मला तालमीच्या दारात ऐकू आला.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?" दोघं एकदम म्हणाले, "पडलो." डॉक्टर आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले. प्लास्टर घालून परतताना आबा जीपमध्ये पुटपुटले, "पाठ मातर तुमचीच लागली हुती."

"हात तुमचा मोडला, मामा."

"हात मोडला. हारलो न्हाय."

"आता एक शब्द काढाल तर दोघांनाही इथंच उतरवीन!" मी ओरडले.

उजवा हात गळ्यात बांधलेला आणि डाव्या हातानं जेवायचं नाही हा हट्ट. आई म्हणाली, "तूच भरव. माझ्या हातानं खायला लाजतंय ते." मग मी दुधात भाकरी कुस्करून घास द्यायचे आणि ते मान खाली घालून खायचे. दोन दिवस असेच गेले. सुधीर बारामतीला त्याच्या आईकडं गेला होता, त्यामुळं वादालाही कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घास गिळून आबा म्हणाले, "तितं तुला कोण वाढतं गं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. ओट्यापाशी उभ्यानंच खाते."

"चार वर्सं?"

"हं."

त्यांनी डावा हात पुढं केला, वाकड्यातिकड्या बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि माझ्यासमोर धरला. "बस खाली. खा."

मी बसले. खाल्लं. किती रडले ते इथं लिहीत नाही.

घर कुठलं, अंथुर्णं की जर्सी, असं लोक अजून विचारतात. मला बसून जेवायला मिळतं ते घर, एवढंच मी त्या दिवशी ठरवून टाकलं. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. सुधीर समोर येऊन सुरू झाला, "मामांनी त्या दिवशी थाप मारली असती ना, तर..."

"आधी भाकरी वाढ," मी म्हटलं.

त्यानं वाढली.