डोमाजीची पटाची मोटार

डोमाजी मिस्त्री मोटारीखाली कधी झोपला नाही. बाकीचे मिस्त्री पोतं अंथरतात, त्यावर उताणे पडतात आणि सरपटत आत शिरतात. डोमाजीनं अंगणात खड्डा खणला होता. त्यात बसायला एक पायरी ठेवली होती. तो तिच्यावर पाय सोडून बसायचा आणि मोटार डोक्यावर ढकलत आणायला सांगायचा. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडे दयेनं बघून म्हणाला, "मास्तर, आमी कोष्टी. आमच्या सात पिढ्यांत कोनी झोपून काम नाही केलं. एका मोटारीपायी मी खानदानाची अब्रू घालू का?"

तांडापेठेत त्यांच्या भिंतीला आमची भिंत होती. नागपूर तेव्हा अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो. सकाळ झाली की शेजारच्या घरातून डोमाजीच्या वडिलांच्या, कवडूजींच्या, हातमागाची खटखट सुरू व्हायची आणि अंगणातून डोमाजीच्या हातोडीची. बापाला हातोडीचा त्रास व्हायचा, लेकाला मागाचा. दोघंही तक्रार घेऊन माझ्याकडेच यायचे. कवडूजींची नजर अधू होत चालली होती. त्यांच्यामागे माग चालवणारा कोणी नव्हता, आणि हे दुःख ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचे, "लोखंडाचं काम करते अन् बसते कोष्ट्यासारखा. बसाचंच हाय त मागावर काहून नाही बसत?"

डोमाजीची स्वतःची एक मोटार होती. लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावात मिळालेली, छप्पर नसलेली. तिचं नाव त्यानं कमळी ठेवलं होतं. एका हिवाळ्यात नरखेडकडचे रामभाऊ पाटील आपलं विहिरीवरचं इंजिन दुरुस्तीला घेऊन आले. संत्र्यांची टोपली पुढ्यात ठेवून ते आपल्या बैलजोडीचं कौतुक सांगत बसले. त्यांच्या गावी शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरायचा आणि त्यात त्यांच्या जोडीचा कोणी हात धरत नसे. बोलता बोलता ते म्हणाले, "मोटार लंब्या रस्त्याची. उभ्या जागेवरून चारशे हात पळवा, माहे बैल तिले शेपटी दाखवतीन."

डोमाजी खड्ड्यातून वर आला. "पाटील, कमळी पटात येईन."

आतली खटखट थांबली. कवडूजी दारात येऊन उभे राहिले. "अन् हरला त?"

"नाही हरत."

"हरला त मागावर बसशीन? जल्मभर?"

माझ्यासमोर, पाटलांसमोर आणि संत्र्यांसमोर डोमाजी म्हणाला, "बसीन." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा आनंद पाहिला, आणि खरं सांगतो, मला तो आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजी माझ्याकडे आला. मोटार जागेवरून जोरात सुटायची तर मागच्या चाकांवर वजन हवं, असं त्याचं म्हणणं. माझं वजन तेव्हा सव्वादोन मण होतं. "मास्तर, तुमी शिकलेले हा, अन् वजनदारबी हा. दोनी गोष्टी एका मानसात नाही भेटत." या स्तुतीला भुलून मी मागच्या सीटवर बसलो. डोमाजीनं मैदानात मोटार उभी केली, इंजिन ओरडवलं आणि क्लच सोडला. कमळी पळाली नाही. तिनं उड्या मारायला सुरुवात केली. मागची चाकं जमिनीवरून उठायची, आपटायची, पुन्हा उठायची, आणि त्यांच्याबरोबर मीही. चौथ्या उडीला माझा चष्मा गेला. मोटार होती तिथून दहा हात पुढे होती, आणि मी मोटारीच्या मागे जमिनीवर बसलो होतो.

चूक त्याला सापडली ती आठवड्यानं, आणि तीही घरात जेवताना. समोर कवडूजी विणत होते. विणलेलं कापड विणकराच्या पोटाशी एका लाकडी रुळावर गुंडाळलं जातं. ताणलेलं सूत तो रूळ सारखा उलटा फिरवू बघतं, म्हणून रुळाच्या भोकात एक दांडा घालून तो अडवलेला असतो. डोमाजीचा घास हातातच राहिला. इंजिनाचा झटका बसला की कमळीचा मागचा एक्सलही तसाच उलटा फिरू बघत होता, त्यानं कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पाटे मुरगळत होते आणि सुटले की चाक उडवत होते. "मास्तर!" भिंतीपलीकडून हाक आली. "कमळीच्या रुळाले दांडाच नाही!"

दांड्यांसाठी लोखंड हवं होतं. ते त्याच्या बायकोच्या, सरस्वतीबाईंच्या, माहेरून आलेल्या पलंगाचं निघालं. पलंगाच्या दोन लांब पट्ट्या त्यानं कापल्या. मागचं टोक एक्सलला, पुढचं टोक चासीला, अशा दोन्ही बाजूंना बोल्टांनी आवळून टाकल्या. सरस्वतीबाई मला म्हणाल्या, "भाऊजी, यायले सांगा, पुढच्या वर्षी मोटार उडाली त उडू द्या. घरात आता पाटा-वरवंटाच उरला."

पटाच्या दिवशी गावात वेगळाच पेच पडला. पंचांच्या मते पट जोडीचा असतो आणि कमळी एकटी होती. बराच खल झाल्यावर मागची दोन चाकं जोडी धरावी असं ठरलं. मग जोडीची नावं विचारली. डोमाजीनं डाव्या चाकाचं पवन आणि उजव्याचं बजरंग अशी नावं लिहवून दिली. एका म्हाताऱ्या पंचानं दोन्ही टायर दात तपासावेत तसे चाचपले आणि बजरंग जरा उतारवयाचा आहे असं मत दिलं. बैल बुजू नयेत म्हणून हॉर्नवर चिंधी बांधली. मी कोण, असं विचारल्यावर डोमाजी म्हणाला, "वजन." तेही लिहून घेतलं.

कवडूजी आले होते. नव्या गमछ्यात गुंडाळून त्यांनी आपला जुना धोटा, मागावर आडवं सूत फिरवायचा, आणला होता. लेक हरला की तिथंच, चारचौघांत, तो त्याच्या हातात द्यायचा होता.

शर्यतीपूर्वी एकदा मोटार पळवून बघायची मुभा मिळाली. उड्या थांबल्या होत्या, पण नवाच घोटाळा झाला. शहराच्या सपाट रस्त्यावर चाललेले दांडे त्या उंचसखल रानात चालेनात. दोन्ही टोकांना जखडल्यामुळे कमानी हलेनात. पवन जमिनीत रुतला आणि बजरंग हवेत गरगर फिरत राहिला. लोक पोट धरून हसले. डोमाजी उतरला आणि चाकाला टेकून उभा राहिला.

कवडूजी वाकून मोटारीखाली बघत होते. उठले, धोटा हातात फिरवला, पुन्हा वाकले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. नुसतं गप्प बसले असते तर त्यांचा माग वाचला होता.

"डोम्या," ते शेवटी ओरडले, "दोनी टोकं आवळली? मागाचा दांडा दोनी टोकांनं बांधते का गा कोनी? सुताले दम घ्याले जागा नको? एक टोक बांध, दुसरं नुसतं टेकव!"

"बा, मी जितलो त तुह्या मागावर..."

"तोंड मीट. खराब बसवलेला दांडा मले पाहवत नाही."

पुढचे बोल्ट काढले. दांड्याचं मोकळं टोक कमानीच्या पुढच्या गाठीखाली, एक बोटभर अंतर सोडून, आलं. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मध्ये मऊ काहीतरी हवं होतं. कवडूजींनी पायातली एक चप्पल काढली, तिचा तळ कापून दोन तुकडे केले आणि दोन्ही टोकांवर स्वतः बांधले. त्या वयात ते बसूनच मोटारीखाली जायला बघत होते. मी, डोमाजी आणि गावातले दोघे, अशा चौघांनी कमळी एका बाजूनं उचलून धरली.

निशाण पडलं. बैल सुटले, आणि कमळीही सुटली, एकही उडी न मारता. मी मागे दोन्ही हातांनी सीट धरून रामनाम घेत होतो. चारशे हात संपले तेव्हा आम्ही बैलांच्या पुढे होतो. बैल आपोआप थांबले. कमळी थांबली नाही. डोमाजीनं सगळं लक्ष सुटण्याकडे दिलं होतं, ब्रेककडे कोणाचंच गेलं नव्हतं. तुरीच्या शेतातून आम्हाला बाहेर काढलं तेव्हा पाटलांनी नियमाप्रमाणे बक्षीस दिलं, जोडीसाठी दोन झुली आणि एक घुंगरमाळ. घुंगरमाळ कमळीच्या गळ्यात, म्हणजे दिव्यांच्या मध्ये बांधली. नागपूरपर्यंत आम्ही वाजत आलो. कवडूजी माझ्या शेजारी बसले होते, एक पाय अनवाणी आणि धोटा मांडीवर. वाटेत एवढंच म्हणाले, "दांडा चांगला बसला न?"

त्यानंतर त्यांनी लेकाला मागावर बस असं कधीच म्हटलं नाही. दोन वर्षांनी, एक लुगडं अर्धं विणून झालेलं असताना, ते गेले.

तेराव्यानंतरच्या सकाळी भिंतीपलीकडून खटखट ऐकू आली. अडखळत, थांबत, पुन्हा अडखळत. मी गेलो. डोमाजी मागावर बसला होता. जिंकलेला माणूस, त्याला कोणी बसवलं नव्हतं. कापडावर एक जागा स्पष्ट दिसत होती. तिथपर्यंत वीण घट्ट आणि सारखी, तिथून पुढे सैल आणि वाकडी. रुळाचा दांडा मात्र त्यानं अगदी बरोबर लावला होता, एक टोक बांधलेलं, दुसरं टेकवलेलं.

मला पाहून त्यानं मान वर केली नाही. "मास्तर," म्हणाला, "जरा मांगं बसा न. वजन पाह्यजे."

मागाला मागच्या बाजूला वजन लागत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी बसलो, आणि लुगडं संपेपर्यंत रोज शाळेआधी बसत गेलो.